पलूसच्या पोटात नदी नाही

बोअर मारायचं ठरलं की पलूस भागात दोन प्रश्न विचारले जातात. पाणी किती फुटांवर लागेल, आणि नाडी कुठून गेली आहे. पहिल्याचं उत्तर बोअरवाला देतो. त्याचा दर फुटावर असल्यामुळे ते उत्तर सहसा मोठंच असतं. दुसऱ्याचं उत्तर पाणाडी देतो. कुणाच्या हातात कडुनिंबाचं बेचकं असतं, कुणाच्या तळहातावर नारळ उभा राहतो. दोघांच्याही डोक्यात जमिनीखालचं चित्र एकच असतं. खोल कुठेतरी एक धार वाहते आहे, नेमका तिच्यावर घाव बसला की काम झालं. ज्याला पाणी लागत नाही तो खडकाला किंवा पाणाड्याला दोष देत नाही. आपली नाडी चुकली म्हणतो आणि शेजारी दुसरं बोअर घेतो.

हे चित्र आजचं नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायात तेच मांडलं आहे. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा पृथ्वीच्या पोटात पाण्याच्या शिरा असतात, आणि झाडं, वारुळं, मातीचा रंग यांवरून त्या ओळखता येतात. त्यातला झाडांचा भाग आजही टाकाऊ नाही. उंबर जिथे आपसूक वाढतो तिथे मुळांच्या आवाक्यात ओल असते, हे कृष्णाकाठी कुणाला शिकवावं लागत नाही. अंकलखोपजवळच्या दत्तस्थानाचं नावच औदुंबर आहे. पण झाड ओल दाखवतं, शीर दाखवत नाही. ओल आणि शीर यांतला फरक कळला की या पुस्तकाचं अर्धं काम झालं, म्हणून प्रस्तावनेत त्यावरच जास्त बोलणार आहे.

जमिनीखाली खरोखर नद्या वाहतात असे मुलुख जगात आहेत. ते चुनखडीचे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी त्यात विरघळते. सुरुवातीला केसाएवढ्या भेगा असतात. जी भेग जरा रुंद असेल तिच्यातून जास्त पाणी जातं, म्हणून तीच आणखी रुंद होते. काही हजार वर्षांत तिचा नळ होतो, नळाचा बोगदा होतो, आणि वरचा ओढा एका खड्ड्यात शिरून दिसेनासा होतो. अशा भूभागाला भूशास्त्रात कार्स्ट म्हणतात. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवर नदी जवळजवळ सापडत नाही; सगळं पाणी खालून समुद्राकडे जातं, आणि छत कोसळलेल्या जागी विहिरीसारखे गोल डोह उघडे पडतात. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी पात्रातच मुरून जातं. ते जातं कुठे हे पाहायला १८७७ साली तिथे दहा किलो हिरवा चमकणारा रंग ओतला. सुमारे साठ तासांनी तो बारा किलोमीटरवरच्या आख नावाच्या झऱ्यातून वर आला. वराहमिहिराची शीर म्हणतात ती ही.

किनाऱ्यावरच्या चुनखडीत आणखी एक पेच असतो. तिथे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते थोडं हलकं असतं. डच अभियंता गायबेन यानं १८८९ मध्ये आणि जर्मन अभियंता हेर्झबर्ग यानं १९०१ मध्ये, एकमेकांवर अवलंबून न राहता, त्याचा हिशेब मांडला. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल, तर खाली ते साधारण चाळीस मीटर खोलवर असतं. ऐकायला हा हिशेब सुखाचा वाटतो. पण उपसा करून वरची पातळी एक मीटरनं उतरवली, की खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर चढू पाहतं. गोडं आणि खारं जिथे मिसळतं तिथे चुनखडी अधिकच विरघळते, म्हणजे खाऱ्या पाण्याची वाट आणखी मोकळी होते. लांबचं उदाहरण नको असेल तर सौराष्ट्राची किनारपट्टी पाहावी. पोरबंदर ते वेरावळ या पट्ट्यातला मऊ चुनखडीचा दगड, त्यावर इंजिनं आणि मोटारी आल्या, आणि काही दशकांत किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या होत गेल्या.

महाराष्ट्राच्या वाट्याला चुनखडी फार आलेली नाही. वणी, कोरपना, राजुरा या टापूत आहे, आणि तिचा पुष्कळसा भाग सिमेंट कारखान्यांच्या पोटात जातो. आपल्या राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा आहे, आणि पलूस तर सगळा. मग पलूसच्या पाण्यावरचं पुस्तक चुनखडीपासून का सुरू करायचं? एक कारण असं, की पाण्याबद्दल बोलताना आपण नकळत चुनखडीचा देश मनात धरतो. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती तिथल्याच असतात, भुयारी नद्यांच्या आणि निळ्या डोहांच्या. दुसरं कारण मीठ. समुद्रापासून सह्याद्रीच्या अलीकडे एवढ्या लांब राहून कृष्णाकाठची शेतं खारावली आहेत, आणि तिथे खाली समुद्र नाही. ते मीठ कुठून आलं हे समजायला आधी किनाऱ्यावर जाऊन येणं बरं.

आता पलूसची विहीर. उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेलं असताना, एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठावरून समोरच्या भिंतीकडे पाहावं. वर हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली पिवळट मुरूम, कुदळीनं उकरता येईल असा. मुरमात गोल गोल धोंडे अडकलेले, त्यांची सालं सुटलेली. त्याखाली भेगांनी चिरलेला खडक, भेगांच्या कडा तांबूस. मग छिद्राछिद्रांचा थर लागतो. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले त्यांच्या या जागा, पुष्कळशा पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. विहीर खोदणारे या खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्याच्याखाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न हलणारा, आणि त्यात पाणी जवळजवळ नाही. कुठे कुठे दोन खडकांच्या मध्ये विटेच्या रंगाची, वीतभर जाडीची मातकट पट्टी दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थिजला, त्याच्या पाठीवर माती तयार झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजली, तीच ही पट्टी. या पट्टीकडे नीट लक्ष द्यावं. भिंत तिच्याखाली कोरडी असते आणि तिच्या वरच्या कडेशी ओली. पाणी वरून झिरपत आलं, या चिकट थरावर अडलं, आणि आडवं सरकत विहिरीत आलं.

म्हणजे पाणी मुरमात आहे, चिरलेल्या खडकात आहे, मांजऱ्यात आहे. ते सगळीकडे थोडं थोडं आहे आणि एका जागी भरपूर कुठेच नाही. बेसॉल्ट पाण्यात चुनखडीसारखा विरघळून वाट करून देत नाही; तो कुजतो, झिजतो आणि त्याची माती होते, आणि ती माती उलट भेगाच बुजवते. इथे पाणी भेगेतून भेगेत, दिवसाला काही सेंटिमीटर ते फार तर काही मीटर सरकतं. हिशेबापुरता अर्धा मीटर धरा. डॅन्यूबच्या पाण्यानं साठ तासांत तोडलेलं बारा किलोमीटरचं अंतर तोडायला या वेगानं पासष्ट वर्षं लागतील. आजोबांच्या काळात माळावर मुरलेलं पाणी नातवाच्या मळीत पोचावं, असा हा कारभार आहे.

साठवणीचा हिशेब तर याहून बोलका आहे. बेसॉल्टच्या पाणी देणाऱ्या थरातून, आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के एवढंच पाणी निथळून मिळतं. मधले दोन धरू. मग वीस मिलिमीटर पाणी मुरलं की विहिरीची पातळी एक मीटर वर येते. चांगल्या पावसाच्या आठवड्यात विहीर तोंडाला लागते आणि मालकाला वाटतं वर्षाची बेगमी झाली, ते यामुळे. पण तोच हिशेब उलटा करून पाहावा. एक हेक्टर रानाखालची पातळी एक मीटर उतरली तर हाती येतं दोनशे घनमीटर पाणी. पाटानं भिजवलेला ऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी घेतो. हेक्टरी वीस हजार घनमीटर झालं. पलूस-तासगाव भागात पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरचा. त्यातले पाचशे सगळेच्या सगळे उसाच्या कामी आले असं उदारपणे मानलं, तरी उरलेल्या पंधरा हजार घनमीटरसाठी त्याच हेक्टरखालची पातळी पंचाहत्तर मीटरनं उतरायला हवी. विहीर असते बारा-पंधरा मीटरची. तेव्हा पलूसमधला ऊस पलूसच्या भूजलावर उभा नाही, उभा राहू शकत नाही. तो कृष्णेवर उभा आहे. द्राक्षबागेचं गणित वेगळं, ठिबकवर ते बरंचसं जुळतं; त्यावर सहावं प्रकरण आहे.

कृष्णेचं पाणी शेतात आलं कसं, हा या तालुक्याचा खरा इतिहास. कराडजवळ खोडशीला बंधारा घालून डाव्या काठानं कृष्णा कालवा काढला तो १८६० च्या दशकात, इंग्रजी अमलात. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर कारखाना आणला, आणि नांगर करता करता किर्लोस्करवाडीचं नाव पुढे पंपांशी जोडलं गेलं. नदीच्या तीरावर जॅकवेल बसल्या, सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, नळ डोंगराच्या अंगाला लागले. नंतर ताकारी योजनेनं पाणी आणखी वर चढवलं. पाणी आत आणण्याचं काम या भागानं इतक्या जिद्दीनं केलं की त्याबद्दल आदरच वाटतो. पण आलेलं पाणी बाहेर कसं जाणार हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

दोन हजार मिलिमीटर पाणी दिलं म्हणजे ते सगळं ऊस पीत नाही. उरलेलं खाली जातं, आणि खाली तर अर्धा मीटर रोजचा कारभार. माळावर ठीक आहे. उतार आहे, मुरूम आहे. भिलवडीच्या आसपास, नदीच्या मळीत, काळ्या चिकट गाळाचा जाड थर आहे, उतार नावापुरता, आणि ओढे बुजलेले किंवा नांगरून वहिवाटीत घेतलेले. पाणी साचत साचत वर येतं. ते दीड-दोन मीटरच्या आत आलं की चिकणमाती आपल्या बारीक छिद्रांतून त्याला वर ओढते, ऊन त्याची वाफ करतं आणि मीठ मागे राहतं. त्या मिठाला समुद्र लागत नाही. बेसॉल्ट कुजताना त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटतातच, आणि गोड्यातल्या गोड्या पाण्यातही क्षार असतात. भारतीय मानकानुसार पिण्यास उत्तम म्हणावं अशा पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. तसं पाणी हेक्टरी वीस हजार घनमीटर दिलं तर वर्षाला दहा टन मीठ रानात आलं. नदीचं पाणी याच्या निम्म्यानं खारं धरलं तरी पाच टन. पावसानं धुऊन नेलं तर बरं. निचरा नसेल तर धुऊन न्यायचं कुठे?

फेब्रुवारी-मार्चमध्ये अशा रानात गेलं की सरीच्या माथ्यावर पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ फुललेलं दिसतं. उसाला जागोजागी टकलं पडलेली असतात, उगवण नाही. जो उगवला त्याची पानं कडेनं करपलेली. हे क्षारपड. आणखी पुढची पायरी चोपण. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, कण सुटे होतात, पृष्ठभाग वाळल्यावर दगडासारखा आणि भिजल्यावर साबणासारखा निसरडा. वर पाण्याचं डबकं आणि टीचभर खाली कोरडी माती, हे तिथेच पाहायला मिळतं. शेतकरी मग आणखी खत टाकतो, आणखी पाणी देतो. क्षारपडीवर पाणी वाढवणं म्हणजे काय, हे मी इथे लिहून दाखवण्याची गरज नाही; ज्यानं ते केलं आहे त्याला ठाऊक आहे.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. नीरा कालव्याचं पाणी बारामतीकडे सुरू होऊन पंचवीसएक वर्षं झाली आणि तिथली रानं खारावू लागली. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी १९१० मध्येच मुंबई इलाख्याच्या शेती खात्यासाठी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर अहवाल लिहिला. किर्लोस्करवाडी वसली त्याच साली. पंप आणि इशारा एकाच वर्षी आले. पंप घरोघर पोचला.

उपाय अवघड नाही, खर्चिक आहे. मीटर-सव्वा मीटर खोलीवर छिद्रांचे पीव्हीसी पाइप समांतर ओळींत टाकायचे, त्यांना जाळीचं आवरण, सगळ्यांचं पाणी एका मोठ्या पाइपात आणि तिथून ओढ्याला. याला इकडे सच्छिद्र निचरा म्हणतात, आणि कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं या जमिनींवर बरंच काम केलं आहे. पाइप टाकल्यावर तोंडाशी बसून पाहण्यासारखं असतं. रानाला भरपूर पाणी दिल्यावर करंगळीएवढी धार सुरू होते, चहासारख्या रंगाची, जिभेला लावली तर मचूळ. जमिनीतून मीठ बाहेर पडताना असं डोळ्यांना दिसतं. चोपण असेल तर आधी जिप्सम लागतं, जोडीला धैंचा गाडावा. पण खरी अडचण त्या तोंडाशीच येते. एकट्याचं रान एकट्यानं निचरा करून चालत नाही. धार जायची शेजाऱ्याच्या बांधावरून, तिथून ओढ्यात, आणि ओढा असतो नकाशात. पुरात तर नदीच उंच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा निचऱ्याची तोंडं पाण्याखाली होती आणि पाणी उलट काठात शिरत होतं. येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, तिथल्या पट्ट्यात तर दोन्ही नद्या फुगवटा धरतात.

मळीत हे चाललेलं असताना कुंडल, बांबवडे, आंधळीकडच्या माळावर बोअर चारशे, पाचशे फुटांवर जातं. खाली वेगळी नदी भेटेल ही आशा. बोअरचा केसिंग पाइप मुरमापुरता असतो. खाली भोक उघडंच. ती विटकरी पट्टी आठवा. तिला भोक पडलं की तिच्यावर अडलेलं पाणी बोअरातून खालच्या कोरड्या भेगांत गळून जातं. बोअरच्या मालकाला चार दिवस पाणी दिसतं, शेजारची विहीर तेवढ्यात आटते, आणि भांडण सुरू होतं ते बांधावरून. कायदाही या भांडणाला नीट आकार देत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून, ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही वेगळी बाब मानून तिच्यावर बंधन आहे. तालुक्यातल्या किती बोअरना हे ठाऊक आहे हा प्रश्न वाचकांवर सोडतो.

या पुस्तकात तालुका दोन भागांत घेतला आहे, मळी आणि माळ, कारण खडक एक असला तरी दोघांची दुखणी उलटी आहेत. मधल्या गावांनी दोन्ही वाचावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. त्या नोंदी कशा वाचायच्या हे तिसऱ्या प्रकरणात आहे. जलपुनर्भरणावर मी मुद्दाम कमी लिहिलं आहे. माळावर ते हवंच, पण मळीतल्या माणसानं उत्साहानं शेततळं आणि शोषखड्डा केला तर तो आपल्याच रानाचं मीठ वर आणतो, आणि सरकारी पत्रकात हा फरक सहसा नसतो. भुयारी नद्यांवर प्रकरण नाही.

शेवटी कोरे तक्ते दिले आहेत. आपल्या विहिरीचा काठ ते पाणी हे अंतर दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, मोटार निदान रात्रभर बंद ठेवून, सकाळी मोजावं. दोरीला गाठी मारल्या तरी चालतील. मळीत विहीर नसेल तर दोन मीटरचा छिद्रं पाडलेला पाइप रानात उभा गाडावा, त्यातली पातळी लिहावी. तक्त्यात शेजाऱ्याच्या विहिरीसाठीही एक रकाना ठेवला आहे. तो त्याला विचारूनच भरावा.